सेफ्टीवाले भाऊ आणि कळसूबाईची शिडी

भाऊ नमस्कार करत नसत. समोर आलेल्या माणसाच्या हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा आधी ओढून बघत, मग म्हणत, "हां, बोला." चाकणच्या आमच्या कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर. तुमच्याही कंपनीत असा एक जण असेलच, ज्याला लांबून बघितलं की माणसं घाईघाईने गॉगल चढवतात.

शिफ्टच्या सुरुवातीला ते रोज शपथ देत. एक ओळ ते म्हणत, मागून आम्ही जांभया देत म्हणायचो. मी घाई करणार नाही. एक हात सोडला तरी दुसरा धरून ठेवीन.

आमचे ट्रेकही तेच ठरवायचे. गाडी, डबे, मलमपट्टी, सगळा उत्साह त्यांचा. पायथ्याशी पोचलो की मात्र म्हणायचे, "तुमी व्हा पुढं, मी सामान बघतो." त्यांना उंचीची भीती वाटते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एरवी आम्ही कुणालाही सोडत नाही, पण यावरून भाऊंना कुणी कधी चिडवलं नाही.

मग त्यांची दक्षिणेतल्या प्लांटला बदली झाली. चाकणजवळच्या निघोजे गावाबाहेर जन्मात न राहिलेला माणूस. जाण्याआधीच्या रविवारी कळसूबाई ठरलं. पहाटे गाडीत बसल्या बसल्या भाऊ म्हणाले, "ह्या खेपेला मलाबी वर न्या. मागं फिरलो तर फिरू देऊ नका राव."

गाडीत एकच कल्ला झाला. नारायणगाव गेलं तरी कुणी डोळा मिटला नाही. मी शहाणपणा करून सांगितलं की हा सगळा डोंगर लाव्हारसाचा, थरावर थर साचून झालेला. भाऊंनी गंभीरपणे विचारलं, आग पूर्ण विझल्याची खात्री कुणी केली.

पहिली लोखंडी शिडी ते नजर वर ठेवून चढले. दुसरीच्या मध्यावर वारा सुटला, त्यांनी खाली बघितलं आणि जागीच थांबले. वर वेल्डिंगमधला सुनील, खाली मी, माझ्यामागे खोळंबलेली रांग. भाऊंनी दोन्ही हातांनी शिडी कवटाळली. म्हणाले, मला खाली घे.

मी म्हटलं, एक हात सोडा, दुसरा धरा, तुम्हीच तर शिकवता.

"शिकवतो रे. केलंय कुठं?"

काय सुचलं कुणास ठाऊक, मी मोठ्याने शपथ म्हणायला लागलो. "मी घाई करणार नाही." वरून सुनीलने ओळ उचलली. भाऊ जागचे हलेनात. मी पुन्हा म्हटलं. मग डोळे घट्ट मिटून ते पुटपुटले, "मी घाई करणार न्हाई." आणि एक पाय वर गेला. पुढची ओळ, पुढची पायरी. रांगेतल्या अनोळखी पोरीही ओरडून म्हणायला लागल्या. अंगावर काटा आला माझ्या, आत्ता लिहितानाही येतोय.

शिखरावर त्यांनी देवीच्या देवळाच्या भिंतीला पाठ टेकली आणि हळूहळू डोळे उघडले. चहूकडे डोंगरच डोंगर. बराच वेळ बघत राहिले. डोळे पुसले, हसले.

"आरं, हे एवढं तुमी दर खेपेला बघत व्हता व्हय?"

उतरतानाही शपथ म्हणावी लागली, पण आवाज त्यांचाच सगळ्यांत मोठा होता.

निरोप समारंभात त्यांचा शिखरावरचा फोटो फ्रेम करून द्यायचं ठरलं. सगळ्यांनी मोबाइल धुंडाळले. आजवरच्या ट्रेकचे ढीगभर फोटो निघाले, पण त्यात भाऊ कुठेच नाहीत. कळसूबाईचा तर एकही नाही. ते वर पोचले तेव्हा मोबाइल काढायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.