डबा संपला का?

प्राथमिकच्या शिक्षकांना किस्से सांगा असं कुणी म्हणत नाही, पण एकदा सांगायला लागलो की आम्ही ऐकत नाही. माझ्या तिसरीच्या वर्गात त्रेपन्न पोरं. रोज काही ना काही घडतंच. लिहून ठेवावं म्हटलं तर वेळ कुठाय, कारण दुसरंच काहीतरी लिहून वर पाठवायचं असतं. मग किस्से नुसते साचत जातात, कपाटावर जुन्या उत्तरपत्रिका साचतात तसे. मे महिन्यात सगळं झटकून काढू म्हणते, तर मे महिन्यात आमचं ट्रेनिंग!

आमची शाळा दिवा स्टेशनजवळ. मी राहते ठाकुर्लीला. नोकरीला सत्तावीस वर्षं झाली, गुडघ्यांना जरा जास्तच झाली असतील. आमच्या छोट्या टीचर्स रूममध्ये माझ्या शेजारी चौथीचे खरात सर बसतात. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. आणि शेवंता मावशी शिपाई आहेत, पण शाळा खरी त्याच चालवतात.

*

सत्र संपत आलं की प्रगतिपुस्तकात नोंदी करायच्या असतात. प्रत्येक मुलासमोर तीन रकाने: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. त्रेपन्न मुलांच्या त्रेपन्न वेगवेगळ्या आवडी आणायच्या कुठून? तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार नोंदींची पीडीएफ फिरते. खरात सर वरून खाली ओळीने उतरवत जातात.

एकदा वेदांत नावाच्या मुलासमोर त्यांनी लिहिलं, ‘पोहण्याची विशेष आवड आहे.’ दुसऱ्या दिवशी वेदांतचे वडील प्रगतिपुस्तक घेऊन हजर.

"सर, आमच्या बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड, ते पण अर्धा तास. हा पोहतो कुठे? बादलीत?"

खरात सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अहो, आवड आहे असं लिहिलंय. सोय आहे असं कुठे लिहिलंय?"

वडील विचारात पडले आणि सही करून गेले!

*

माझ्या वर्गात मात्र एक नोंद अशी होती, जी कुठल्याच पीडीएफमध्ये नव्हती. मनस्वी.

मनस्वी जूनमध्ये आमच्या शाळेत आली ती गप्पच. रुसलेली नाही, घाबरलेली वाटत नाही, वहीत अक्षर मोत्यासारखं. पण बोलायचं नाही. हजेरीला हात वर करायची. पाढे विचारले की फळ्यावर लिहून दाखवायची. शू लागली की करंगळी. जून गेला, जुलै गेला, गणपती येऊन गेले, तिच्या तोंडून एक अक्षर नाही.

वडील म्हणाले, "बाई, घरी तिचं तोंड बंद होत नाही हो! शेवटी आम्हीच टीव्ही मोठा करतो."

पण मोठ्या बाईंना वरून एक फॉर्म आलेला. वर्गातल्या मुलांचं भावनिक आरोग्य आणि विकास, असं काहीतरी लांबलचक नाव होतं. त्यात एक प्रश्न, ‘विद्यार्थी शाळेत बोलतो का? होय / नाही.’

"सावंत बाई, सत्र संपेपर्यंत बोलली तर बोलली," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर ‘नाही’वर टिक करा. नाव यादीत जाईल. मग पालकांना सांगू, दुसरी शाळा बघा. आपल्याकडे कुठे आहे वेगळी टीचर?"

तिच्या वडिलांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बाई, एकदा शिक्का बसला की मग पोरीला सगळे तसंच बघणार."

*

मुलांवर ताण येतो, म्हणून दर शनिवारी अर्धा तास मुलांना शांत बसवायचं आणि त्याचा फोटो अपलोड करायचा, असा आदेश आला. कल्पना वाईट नाही. पण त्रेपन्न मुलांना शांत बसवायचं म्हणजे कसं?

"डोळे मिटा! मोठा श्वास घ्या! कोण हसतंय तिकडे? अरे, श्वास सोडा की आता!"

मुलांचा ताण गेला की नाही माहीत नाही, माझा घसा गेला.

एका शनिवारी शेवटच्या बाकावरचा सोहम मान टाकून गाढ झोपला. त्याच्याकडे एका खोलीत सात माणसं. झोपू दे म्हटलं. तेवढ्यात शेवंता मावशी दारातून म्हणाल्या, "आगो बाय, यो पोरगा त झोपलाय!" आणि नेमक्या त्यांच्या मागे मोठ्या बाई!

मी म्हटलं, "झोपला नाही, बाई. खोल गेलाय."

मोठ्या बाईंनी लगेच फोटो काढला. तो फोटो अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर गेला आणि त्याखाली शेरा आला, ‘उत्कृष्ट! इतर मुलांनीही असेच करावे.’

*

पुढे एक साहेब स्वतःच बघायला आले. चांगला माणूस होता. मुलांमध्ये खाली सतरंजीवर बसले, पँटची इस्त्री मोडली तरी. त्यांनी विचारलं, "मुलांनो, शाळेतला तुमचा सगळ्यात आनंदाचा दिवस कोणता?"

आम्ही मुलांना आठवडाभर पढवलं होतं की शनिवार म्हणायचं. मोठ्या बाई मागून ओठ हलवून ‘श-नि-वार’ दाखवत होत्या.

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "टँकर येत नाही तो!"

साहेबांना काही कळेना. शेवटी मावशींनी समजावलं, की पाण्याचा टँकर आला नाही तर संडासाला पाणी नसतं, मग पोरांना अर्ध्या दिवसात सोडावं लागतं. साहेबांनी मान हलवली आणि डायरीत काहीतरी लिहिलं. टँकर अजून तसाच येतो, कधी येतो कधी नाही.

त्या दिवशी मी मनस्वीकडे बघत होते. सगळे ओरडले तेव्हा तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण त्रेपन्न पोरांच्या आरडाओरड्यात मी कुणाच्या भरवशावर ‘होय’ लिहू?

*

पालकसभेत मी मुलांच्या मोबाइलच्या वेडावर बोलले. वीस मिनिटं बोलले. मुलांचे डोळे, मान, झोप, चिडचिड, सगळं सांगितलं. बायका मन लावून ऐकत होत्या, माना डोलवत होत्या. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत एक सभा तरी सत्कारणी लागली.

सोहमची आई उठली. "बाई, एकदम बरोबर बोललात! मुलांना फोन देऊ नका ते जरा ग्रुपवर टाका ना. म्हणजे मी सोहमला वाचायला देते!"

सभा संपली. सगळ्या गेल्या तरी मनस्वीची आई थांबली. मी आणि खरात सर वह्या उचलत होतो. तिने पर्समधून फोन काढला.

"बाई, तुमचा विश्वास बसत नाही ना? ही घरी शाळा-शाळा खेळते. काल गुपचूप रेकॉर्ड केलंय. ऐका."

उशा, बाहुल्या आणि धाकटा भाऊ असा तिचा वर्ग होता म्हणे. फोनमधून खणखणीत आवाज आला, "ए, मागे कोण बोलतंय? रांगेत या! डबा संपला? नाही? बस! संपव! लवकर लवकर, मला कामं आहेत!" आणि शेवटी एक मोठा उसासा. तो उसासासुद्धा माझाच!

हे जरा सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने डबा उघडलाच नाही आणि शेवटच्या तासाला ती चक्कर येऊन पडली. तेव्हापासून शाळा सुटताना मी वर्गाच्या दारात उभी राहते आणि प्रत्येकाला विचारते, डबा संपला का? संपला असेल तर घरी. नसेल तर माझ्या टेबलाशेजारी बसायचं आणि संपवून जायचं. उत्तर द्यायची नाही म्हणून सुरुवातीला मनस्वी रोज तिथे बसायची. नंतर तिने स्वतःची पद्धत काढली. दारात आली की डब्याचं झाकण उघडून दाखवायची, टीसीला पास दाखवावा तसा.

"बघा ना बाई," तिची आई म्हणाली, "बोलते की नाही? अगदी तुमच्यासारखंच बोलते!"

खरात सर हसून हसून बाकावर बसले. "सावंत बाई, व्हा रिटायर! तुमची जागा भरली!"

मी पण हसले. पण घरी भाजी चिरताना तो आवाज कानात परत आला आणि मला लाज वाटली. दोन वर्षं मी पोरांना जेवा म्हणत होते की उरका म्हणत होते?

दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, ‘मला कामं आहेत’ म्हणायचं नाही. चार दिवस पाळलं. पाचव्या दिवशी ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा मेसेज आला आणि गाडी पुन्हा जुन्याच रुळावर.

ते रेकॉर्डिंग मोठ्या बाईंनाही ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, फॉर्म परत एकदा वाचला आणि म्हणाल्या, "हे घरी झालं. फॉर्ममध्ये ‘शाळेत’ लिहिलंय."

*

वर्गातला अर्णव म्हणजे सर्वांगीण विकास! सोमवार-बुधवार ॲबॅकस, मंगळवार-गुरुवार कराटे, रोज ट्यूशन, रविवारी चित्रकला. डोंबिवलीला जाऊन येऊन करतो सगळं. पोरगा बिचारा कायम जांभया देत असतो.

मी वर्गाला पाच ओळी लिहायला दिल्या, ‘मला मोकळा वेळ मिळतो तेव्हा.’ अर्णवने एकच ओळ लिहिली. ‘मला मोकळा वेळ रिक्षात मिळतो.’

मला वाईट वाटलं. त्याच्या आईला बोलावलं, खुर्ची दिली, वही पुढे ठेवली. तिने वाचलं. परत एकदा वाचलं. मला वाटलं, लागलं कुठेतरी.

मग म्हणाली, "खरंच बाई, माझ्या लक्षातच नाही आलं. रिक्षात पाढे म्हणून घ्यायला हवेत!"

*

सत्राचा शेवटचा दिवस. फॉर्म पाच वाजेपर्यंत भरून द्यायचा होता. मधल्या सुट्टीत डबा उघडावा म्हटलं तर मोठ्या बाईंचा निरोप, सगळ्या मुलांच्या उंची-वजनाचे आकडे परत भरा, मघाचे सेव्हच झाले नाहीत. भरले. मग नोंदी. मग परत आकडे. सोहमच्या उंचीच्या जागी त्याचं वजन पडलं होतं, म्हणजे पोरगा बावीस सेंटिमीटरचा! ते दुरुस्त केलं. डबा टेबलावर तसाच.

शाळा सुटली. मी दारात उभी राहिले.

"डबा संपला?"

"संपला, बाई!"

"डबा संपला?"

"भेंडी होती, तरी संपला!"

एकेक करत सगळी पोरं गेली. शेवटी मनस्वी आली. झाकण उघडून दाखवलं. रिकामा, पुसून लख्ख.

"शाबास. जा, आई थांबली असेल," मी म्हटलं आणि टेबलाशी आले. फॉर्म उघडाच होता. एक्कावन्न मुलांना ‘होय’. एक गैरहजर राहायचा, त्यालाही ‘होय’. एक ओळ तेवढी कोरी. घड्याळात साडेचार. पेन उचललं. खरं सांगते, त्या क्षणी मला तिची दया येण्याआधी स्वतःचीच आली. भूक लागली होती, पाय दुखत होते, आणि पेनाच्या एका खुणेने एका पोरीचं काहीतरी कायमचं करून टाकायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

मनस्वी गेली नव्हती. टेबलाच्या पलीकडे उभी होती. तिने माझा डबा दोन्ही हातांनी उचलला. वजन बघितलं. परत खाली ठेवला.

"बाई, डबा संपला?"

मी आधी दाराकडे बघितलं, कोण आलं म्हणून. दारात कुणी नव्हतं.

"नाही गं," मी म्हटलं.

"बसा."

मी बसले. तिने फॉर्म उचलून बाजूच्या खुर्चीवर ठेवला, पेन त्याच्यावर. माझ्या डब्याचं झाकण घट्ट आहे, तिला निघेना. मी सैल करून दिलं, पुढचं तिने उघडलं. पोळी कडक झाली होती, गवारीची भाजी गार. मी पहिला घास घेतला आणि सवयीने पटापट गिळायला लागले.

मनस्वीने दप्तर खांद्यावरून काढलं, खाली ठेवलं आणि माझ्याशेजारी बसली.

"सावकाश संपवा," ती म्हणाली. "मला काही कामं नाहीत."