रेसच्या कारला ओढणार कोण?

“सायेब, हिला हत्ती बांधा, ही हत्तीबी वडंल!” असं म्हणून बापूंनी नव्या गाडीच्या बॉनेटवर अशी थाप मारली, की आमच्या शॉपमधले दोन वेल्डर काम थांबवून बघायला लागले.

गाडी दहा सीटची, डिझेलची, शोरूममधून नुकतीच आलेली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बापू जामखेडचे. दुधाच्या आणि धान्याच्या गाड्या भाड्याने चालवायचे, गाड्यांशिवाय दुसरं बोलायचे नाहीत.

“बापू, हत्ती नाही न्यायचा. माझी कार न्यायचीय,” त्यांची मुलगी वैशाली शांतपणे म्हणाली.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नगरच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरचे ट्रेलर बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन बघायचो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ऊसवाले. रेसची कार वाहायला ट्रेलर मागणारं गिऱ्हाईक त्याआधी कधी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर नंतरही आलं नाही.

वैशाली पंचवीस-सव्वीसची, बी.कॉम. झालेली, बापूंचा सगळा कारभार बघणारी. तिची कार म्हणजे एक जुनी छोटी पेट्रोल गाडी. आतल्या सीट, पत्रे, काचा काढून टाकलेल्या, त्या जागी लोखंडी पाइपचा पिंजरा, म्हणजे कार उलटली तर ड्रायव्हर चेंगरू नये. दिवे नाहीत, सायलेन्सर नावालाच. अशी गाडी रस्त्यावर काढली असती तर पहिल्याच चौकात पोलिसांनी ठेवून घेतली असती.

मद्रासजवळ रेसचा ट्रॅक होता. तिथे ट्रॅक डे असायचा. ट्रॅक डे म्हणजे स्पर्धा नव्हे. ट्रॅक दिवसभर खुला ठेवतात, आपण आपली गाडी आणायची, पळवायची आणि घड्याळात वेळ बघायची. येत्या ट्रॅक डेला एका टीमचे लोक बघायला येणार होते. त्यांच्याकडे एका ड्रायव्हरची जागा रिकामी होती. ज्याला ती मिळेल त्याला गाडी, टायर, मेकॅनिक सगळं टीमचं. वैशालीला ती जागा हवी होती. ती मिळाली नसती तर घरच्या खर्चाने हा खेळ पुढे चालणं शक्य नव्हतं, हे तिनेच मला पहिल्या भेटीत सांगितलं. उगाच आडपडदा नाही.

आदल्या वर्षी त्यांनी कार ट्रकमध्ये घालून नेली होती. तिथे उतरवायला धक्का, म्हणजे ट्रकच्या उंचीचा ओटा, नव्हता. मातीचा ढीग करून उतरवताना कार तिरकी घसरली, पुढचं चाक वाकलं. ती तेवढ्या लांब गेली आणि ट्रॅकवर एक चक्कर न मारता परत आली. म्हणून या वेळी ट्रेलर. ट्रेलर जमिनीलगत असतो, दोन फळ्या लावल्या की कार स्वतःच्या चाकांवर चढते आणि उतरते.

ट्रेलर आम्ही आधीच बनवून ठेवला होता. प्रश्न एवढाच उरला होता, की त्याला ओढायचं कशाने.

“सर, तुम्ही काय म्हणता?” वैशालीने विचारलं.

मी म्हणालो, “लावून बघू. बघितल्याशिवाय मी कुणालाच हो म्हणत नाही.” बापूंना ते फारसं आवडलं नाही.

ट्रेलरवर कार चढवली, बांधली, नवी गाडी पुढे जोडली आणि जामखेड रोडला निघालो. वैशाली चालवत होती, मी शेजारी, बापू मागे. बापूंचं म्हणणं खोटं नव्हतं. इंजिन जबरदस्त होतं. मागे काही आहे हे कळतसुद्धा नव्हतं. बापू मागून मला टोचत होते, “काय सायेब? बोला की!”

चिचोंडीच्या अलीकडे सरळ रस्ता लागला. समोरून एक एसटी जोरात गेली आणि तिच्या वाऱ्याने ट्रेलर किंचित डावीकडे सरकला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, पहिल्यापेक्षा जास्त. शेपूट कुत्र्याला हलवायला लागावं तशी आमची गाडी मागून हलायला लागली.

अशा वेळी हजारातले नऊशे नव्व्याण्णव लोक ब्रेक मारतात. ब्रेक मारला की पुढची गाडी थांबते, मागचा ट्रेलर थांबत नाही, तो बाजूने पुढे येतो आणि दोघं मिळून शेतात जातात. मी ओरडायला तोंड उघडलं, पण तिने ब्रेकला पाय लावलाच नव्हता. पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला, स्टिअरिंग दोन्ही हातांत सरळ धरलेलं, नजर लांब समोर. गाडी हळूहळू मंदावली, डोलणं कमी झालं, थांबलं. मग तिने इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इतकं सगळं झाल्यावर इंडिकेटर! मला आजही त्याचं कौतुक वाटतं.

“कुणी शिकवलं हे?” मी विचारलं.

“कुणी नाही. ब्रेक मारला असता तर मागचं पुढे आलं असतं ना?”



मी खाली उतरून बापूंना कारण दाखवलं. गाडीचं मागचं चाक आणि ट्रेलर जिथे जोडतो तो हुक, यांच्यात बरंच अंतर होतं. जास्त माणसं बसावीत म्हणून गाडी चाकांच्या मागे लांबवलेली असते. ट्रेलर त्या लांब टोकाला धरून गाडी हलवतो. पाटे म्हणजे स्प्रिंग मऊ, कारण माणसांना धक्के बसू नयेत. माणसं न्यायला उत्तम गाडी. तिच्यात दोष काही नव्हता, आपण तिला भलतंच काम सांगत होतो.

“मग दुसरी कंची?” बापू गुरगुरले.

“तुमची दुधाची पिकअप.”

“ती? तिला तर आंबूस वास मारतोय!”

“कारला वास येत नाही, बापू,” वैशाली म्हणाली.

पिकअप मला पहिल्या दिवसापासून आवडली होती. पुढची-मागची चाकं एकमेकांपासून लांब, पाटे कडक, हुक मागच्या चाकाच्या जवळ, आणि हौद्यात सामान भरलं की चांगली जड. इंजिन मात्र सावकाश. तिच्याकडे बघून कुणी बॉनेटवर थाप मारली नसती. हौद्यात टायर, जॅक, हत्यारांच्या पेट्या भरल्या, ट्रेलर जोडला आणि पुन्हा जामखेड रोडला गेलो. तीन एसट्या शेजारून सुसाट गेल्या, ट्रेलर हलला नाही. मी खूश. दुसऱ्या दिवशी करंजी घाट.

घाटात मात्र माझी खुशी उतरली. चढ ठीक गेला. उतारावर वैशालीने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, तरी ट्रेलर मागून ढकलायला लागला. ब्रेक दाबला की पिकअप दबायची, थोडी थांबायची आणि पुन्हा ढकलली जायची. चाकांतून जळका वास यायला लागला. तिने घाईने काहीच केलं नाही. थोडा ब्रेक, सोडायचा, पुन्हा थोडा ब्रेक, असं करत एका रुंद वळणावर गाडी डोंगराच्या बाजूला टेकवली.

“दगड लावा!” बापू ओरडले, आणि स्वतःच धावत जाऊन चाकांपुढे दगड लावले.

मग ते माझ्याकडे वळले. “सायेब, ह्ये न्हाई जमायचं. पोरगी जाईल ना माझी! न्हाई जायचं मद्रासला. खेळ बंद.” त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते.

“बापू, जरा थांबा,” वैशाली म्हणाली. ती पिकअपकडे बघतच नव्हती. ती ट्रेलरभोवती फिरली आणि तळाच्या जाड पत्र्यावर तिने मुठीने दोनदा ठोकलं. “सर, हे एवढं कशासाठी?”

“मजबुतीसाठी.”

“माझी कार यावर नाचणार आहे का?”

आमच्या शॉपची एक पद्धत होती. ऊसवाला सांगायचा त्याच्या दुप्पट भरायचा, म्हणून तो सांगेल त्याच्या तिप्पट मजबूत बनवायचं. वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. कारचा ट्रेलरही आमच्या पोरांनी त्याच हाताने बनवला होता. तेच जाड चॅनल, तोच ट्रकचा ॲक्सल, खाली अखंड पत्रा. आणि ब्रेक नव्हतेच, कारण उसाच्या ट्रेलरला तेव्हा कुणी ब्रेक लावत नसे. ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाने आणि देवाच्या कृपेने थांबायचा.

पुढे बापूंचा धान्याचा ट्रक जोडून आम्ही परत आलो आणि थेट वजनकाट्यावर गेलो. आधी ट्रेलर कारसकट, मग रिकामा. काट्यावरचा माणूस आकडा सांगून हसला. आमचा ट्रेलर वैशालीच्या कारपेक्षा जड होता. म्हणजे आम्ही एवढे दिवस कार ओढायला गाडी शोधत नव्हतो. आमचंच लोखंड ओढायला शोधत होतो.

बापूंनी लगेच उपाय काढला. “मोठी गाडी घिऊ. ट्रकच लावू म्होरं.”

“ट्रक लावला तर ट्रेलर आणखी मजबूत करावासा वाटेल,” वैशाली म्हणाली. “मग ट्रकही कमी पडेल. शेवटी रणगाडा आणावा लागेल, बापू.”

“नगरात मिलट्री हाय, त्योबी मिळंल,” बापू म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू.

आता खरी लढाई आमच्या शेठशी होती. मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, “शेठ, ट्रेलर कापायचाय.”

“म्हणजे?”

“तळाचा पत्रा काढायचा. चाकांपुरत्या दोन पट्ट्या ठेवायच्या. ॲक्सल जीपचा घालायचा.”

“पाटोळे, डोकं ठिकाणावर आहे का? आपला ट्रेलर मोडला असं जिल्ह्यात कुणी म्हटलंय?”

“नाही, शेठ. पण यात ऊस नाही भरायचा.”

“आणि कुणी भरला तर?”

“मद्रासला कोण भरेल?”

शेठ मग म्हणाले, “करा. पण आपल्या कंपनीची पाटी त्यावर लावायची नाही.”

आम्ही ट्रेलर निम्म्याहून हलका केला. आणि त्याला ब्रेक बसवले. ते कसे चालतात हे सोपं आहे. ट्रेलरचा पुढचा दांडा थोडा आत सरकेल असा केला. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर तिला ढकलायला जातो. त्या ढकलण्यानेच दांडा आत जातो आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक दाबले जातात. जेवढा जोरात ढकलेल तेवढा जोरात थांबेल. ड्रायव्हरने वेगळं काहीच करायचं नाही. दांड्याची स्प्रिंग आधी मऊ झाली, मग कडक झाली. वैशाली रोज शॉपमध्ये यायची आणि आवारात चालवून बघायची. “आता झटका देतोय, सर.” “आता उशिरा लागतोय.” तिचं सांगणं इतकं नेमकं असायचं, की मला दांडा उघडून बघायची गरज पडायची नाही. मी आयुष्यात बरेच टेस्ट ड्रायव्हर बघितले. पाठीने आणि तळव्याने गाडी वाचणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनेच पकडली. कार ट्रेलरवर कुठे उभी करायची, ती. बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. अगदी पुढे भरलं की बैलांच्या मानेवर ओझं येतं. थोडंसं वजन पुढे हवं. तिने वीतभर पुढे, वीतभर मागे करत ती जागा शोधली आणि पट्टीवर पिवळ्या रंगाची खूण केली.

मग पुन्हा करंजी घाट. तोच उतार, तीच पिकअप. या वेळी बापूंनी दगड आधीच हातात घेऊन ठेवले होते. ते तसेच हातात राहिले. खाली पोचल्यावर त्यांनी चाकातल्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला, मग थेट टेकवला. हात भाजला नाही. मग त्यांनी नातवाच्या डोक्यावरून फिरवावा तसा ट्रेलरवरून हात फिरवला.

मद्रासला बापलेक दोघंच गेले. मी शॉपमध्येच होतो, पण माझं कामात लक्ष नव्हतं. शेठसुद्धा दोनदा केबिनमधून बाहेर येऊन “फोन आला का?” असं विचारून गेले. अखेर एसटीडीवरून फोन आला. “सर, पोचलो. कार धड आहे. उतरवायला पाच मिनिटं लागली.” एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन आला. आवाज आधी ओळखूच येईना, कारण ती रडत होती. टीमने तिला घेतलं होतं. मी फोन ठेवला आणि सगळ्या शॉपला मोठ्याने सांगितलं. वेल्डरांनी पत्र्यावर हातोडे वाजवले. मलाही भरून आलं होतं, पण मी ग्राइंडिंगची धूळ डोळ्यांत गेली असं सांगितलं.

आठवड्याभरात बापू पेढे घेऊन आले. मी विचारलं, “कशी पळाली?”

“बघितलं न्हाई.”

“म्हणजे? एवढ्या लांब जाऊन?”

“डोळं मिटून उभा हुतो, सायेब. लई भ्या वाटलं. पर आवाज आयकत हुतो. गिअर बदललेला समदा कळत हुता. एकदाबी चुकली न्हाई.” मग म्हणाले, “येताना मातर येगळंच झालं. आमी गाडीवाली मानसं. तीस वर्सं ह्या धंद्यात हाय, दुसरा चालवत असंल तर मला कंदी डोळा लागला न्हाई. येताना पोरगी चालवत हुती, मागं तुमचा ट्रेलर, म्होरं घाट. आन् मी झोपलो. तिनं नगरला उठवलं.”

मला नोकरीत बरीच सर्टिफिकेटं मिळाली. फ्रेम करावंसं वाटलं ते हेच, पण ते कागदावर नव्हतं.

अजूनही ओळखीचे लोक विचारतात, ट्रेलर ओढायला कोणती गाडी घेऊ? मी म्हणतो, आधी मागे जे लावणार आहात ते काट्यावर घाला, मग त्यातलं काय काढून टाकता येईल ते बघा. बहुतेकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना मोठी गाडी घ्यायची असते.