दोन्हीकडे मांडव

जगातले देश एकमेकांपासून इतके लांब ठेवण्यात देवाची काहीतरी चूक झाली आहे आणि ती दुरुस्त करायचं काम आपल्याकडे दिलेलं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही निघाला. मी मिशिगनमधल्या ट्रॉयला मुलाच्या घरी राहतो. तिथून अर्ध्या तासावर एक विद्यापीठ आहे, आणि त्या विद्यापीठाचं परदेशांशी संबंध जोडायचं जे ऑफिस आहे, त्याचे आमचे व्याही प्रमुख. मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षांपूर्वी इकडे आले. नावाआधी डॉक्टर लावतात, पण ताप आला तर त्यांचा काही उपयोग नाही. मी चौथी पास. पाचवीचा वर्ग मी आतून पाहिला आहे, कारण त्याच्या भिंती मीच बांधल्या. गवंडीकामात जन्म गेला. तेव्हा अशा विद्वान माणसाबद्दल लिहायचा मला काय अधिकार, असं कोणी विचारील. विचारा. मी लिहिणारच.

काम म्हणाल तर व्याही करार करतात. करार मीही जन्मभर केले. किती ब्रास दगड, कोण आणणार, स्लॅब कधी पडणार, हे त्यात असायचं आणि तोंडीच असायचं. व्याह्यांचा करार अकरा पानांचा. त्यात दोन्ही संस्था एकमेकींबद्दल आदर बाळगतील, ज्ञानाच्या क्षितिजांचा विचार करतील, शक्य असेल तिथे आणि शक्य असेल तेव्हा सहकार्य करतील, असं असतं. म्हणजे कोणी काही केलं नाही तरी करार मोडत नाही. असे करार चौकटीत बसवून त्यांनी दिवाणखान्याची अख्खी भिंत भरली आहे. त्यातल्या एका परदेशी कॉलेजाला टाळं लागून वर्षं झाली, पण व्याह्यांच्या मते तो करार सगळ्यात सुरळीत चालला आहे. चालणारच. तक्रार करायला कोण उरलंय?

कोटाच्या कॉलरला ते दोन झेंड्यांची टाचणी लावतात. एक झेंडा अमेरिकेचा, दुसरा त्या दिवशीच्या पाहुण्यांचा. एकदा मागच्या आठवड्याच्या पाहुण्यांचा झेंडा काढायचा राहिला आणि समोर येऊन बसले नेमके त्यांचे शेजारी, ज्यांचं त्यांच्याशी सरहद्दीवरून भांडण होतं. ते लोक चहा न घेता उठले. व्याही घरी येऊन सूनबाईला म्हणाले, "कल्चरल सेन्सिटिव्हिटीवर एक वर्कशॉप घ्यायला पाहिजे." कोणासाठी ते काही बोलले नाहीत. त्यांचा हात हातात घेणं तर फारच धोक्याचं. हात धरला की ते तसाच धरून ठेवतात आणि मान वळवून हसऱ्या तोंडाने लांब बघत उभे राहतात. एवढ्या सह्या आणि एवढे फोटो झाले आहेत की शरीराला तेच वळण पडलं आहे. दिवाळीला आमच्या स्वयंपाकघरात माझा हात धरून ते फ्रिजकडे बघत हसत राहिले. मी सोडवून घ्यायला बघतोय, ते सोडेनात. शेवटी नातू म्हणाला, "आजोबा, नोबडी इज टेकिंग अ पिक्चर."

वर्षातून एकदा ते विद्यापीठात जगाची जत्रा भरवतात. ज्या पोरापोरींनी रोबोट बनवायला इथे यावं, त्यांनी आपापल्या देशाचे कपडे घालून स्वतःच्या टेबलामागे उभं राहायचं. मी गेलो होतो. पुण्याची एक मुलगी नऊवारी नेसून फ्रोझन समोशांच्या मागे उभी. मी म्हटलं, बाळ, नेसलीस छान. ती म्हणाली, "थँक्यू काका. व्हिडिओ बघून नेसले. घरी आईलाही येत नाही यार." मग जीभ चावली. मला काही वाटलं नाही. समोसा आपला राष्ट्रीय पदार्थ कधी झाला, एवढं मात्र मी व्याह्यांना विचारलं. ते म्हणाले, लोकांना ओळखीचं द्यावं लागतं. म्हणजे जग दाखवायचं, पण आधी पाहिलेलं.

असं सगळं असलं तरी एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याला अर्थ नाही. जानेवारीत इथे हाडं फुटायची थंडी पडते. आपल्याकडची पोरं मुंबईहून पातळ जाकिटात विमानात बसतात. व्याही स्वतः गाडी घेऊन विमानतळावर जातात. ऑफिसात शिपाईकामाला माणसं असताना जातात. गाडीच्या डिकीत मापामापाचे जुने गरम कोट धुऊन, घड्या घालून ठेवलेले असतात. पोरगं दारातून बाहेर आलं की आधी कोट, मग नाव. विहीणबाई होत्या तेव्हा डब्यात खिचडीही असायची. त्या जाऊन सहा वर्षं झाली. कोट अजून असतात. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सात जणांची नावं लिहिलेला पुठ्ठा धरून आम्ही उभे राहिलो आणि तिघं आली. बाकीच्यांना व्हिसाच मिळाला नव्हता. गाडीत बसण्याआधी त्यांनी पुठ्ठ्यावरची न आलेली चार नावं पुन्हा एकदा वाचली, आणि मला ते बरं वाटलं नाही.

या वसंतात त्यांच्या डीनबाईंनी सांगून टाकलं की पोरं कमी झाली आहेत, ऑगस्टला कुठून नवी पोरं येणार असतील तर दाखवा, नाहीतर जूनअखेर ऑफिस बंद. व्याह्यांनी ते आम्हाला हसत हसत सांगितलं. सूनबाई मात्र आत जाऊन रडली. तिचं म्हणणं, आई गेल्यापासून बाबांना त्या ऑफिसाशिवाय दुसरं घर नाही. सगळा भरवसा आता एका करारावर होता, आणि तो कुणाशी? माझ्याच तालुक्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजाशी. त्या संस्थेच्या पहिल्या चार खोल्या मी बांधल्या. तेव्हा ती शाळाही धड नव्हती. आता तिला कॅम्पस म्हणतात. संस्थेचे अध्यक्ष प्राचार्यांना घेऊन सही करायला येणार म्हटल्यावर व्याही मला म्हणाले, "आबा, तुम्ही पाहिजेच. तुमच्या भागातले लोक आहेत, त्यांना आपलं माणूस वाटेल." मी मुलाचा कोट घालून गेलो. झेंडा लावू दिला नाही.

अध्यक्ष शाल घेऊन आले होते. नारळ विमानतळावर काढून घेतला म्हणून ट्रॉयच्या इंडियन स्टोअरमधून दुसरा आणला. डीनबाई तो दोन्ही हातांनी धरून बसल्या, आणि तो कुठे ठेवायचा हे त्यांना शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. भाषणं सुरू झाली. व्याही म्हणाले, तुमचं स्वागत करायला आम्ही आतुर आहोत. प्राचार्य म्हणाले, स्वागताची आमचीही सगळी तयारी आहे. मग चहाची सुट्टी झाली आणि अध्यक्ष कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

"आबा, पोरं कधी येणार हो?"

"कुठली पोरं?"

"अमेरिकेची. हॉस्टेल बांधून वर्ष झालं. चाळीस खोल्या. सगळीकडे कमोड बसवलेत. आचाऱ्याला सँडविच शिकवलं, तो आता दुसरं काय करीत नाही."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, अहो, पण तुमची पोरं इकडे यायची आहेत ना? अध्यक्ष म्हणाले, "आमची कशी येतील? आमच्याकडंच ॲडमिशनं भरंनात. म्हणून तर इंटरनॅशनल केलं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपली माणसं. वर्षभर स्क्रीनवर बोलत होती. हे म्हणायचे या, ते म्हणायचे नाही नाही, तुम्हीच या. आपल्याकडे दारातून निघताना जे बोलायची रीत आहे, तेच वर्षभर चाललं. समोरच्याचं 'या' हे बोलण्यापुरतं आणि आपलं तेवढं खरं, असं दोन्ही बाजू धरून बसल्या. कोण कोणाकडे जाणार हे विचारणं कमीपणाचं, आणि अकरा पानांत ते कुठे लिहिलेलं नाही. दोन्हीकडे मांडव घातलेला, दोन्हीकडे आचारी बसवलेले, आणि वऱ्हाड कुठूनच निघालेलं नाही. माझ्यासारख्या चौथी पास माणसाने पाया खणायच्या आधी विचारलं असतं की घर कुणाचं.

सहीला पाच मिनिटं होती. मी व्याह्यांना दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये नेलं आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता हा माणूस बसतो खाली. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला माहीत आहे, आबा. दहा दिवसांपूर्वी प्राचार्यांनी खोल्यांचे फोटो पाठवले, तेव्हाच कळलं."

"मग त्यांना येऊ कशाला दिलंत?"

"तिकिटं काढून झाली होती. अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, गावात बोर्ड लावलेत. त्यांना फोनवर काय सांगू? की आमच्याकडेही कोणी नाही?"

"आणि तुमचं ऑफिस?"

"ते गेलं, आबा," ते म्हणाले. "आत चला. लोक थांबलेत."

 मी त्यांच्या कोटाची कॉलर सारखी केली, आणि आम्ही आत गेलो. सह्या झाल्या. त्यांनी अध्यक्षांचा हात धरला आणि हसले. अध्यक्षांना वाटलं, केवढा मोठा माणूस. मलाही त्या दिवशी तसंच वाटलं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

जूनअखेर ऑफिसला कुलूप लागलं. व्याही महिनाभर घरात बसले. सूनबाई रोज जेवायला बोलवायची, ते येऊन दोन घास खाऊन जायचे. मी त्यांच्याशी भांडणं काढून पाहिली. समोशावरून, नागपूरवरून. त्यांनी एकातही भाग घेतला नाही. ऑगस्टमध्ये एक दिवस आले आणि म्हणाले, मी चाललो. कुठे? तर आमच्या तालुक्याला. अकरा पानं पुन्हा वाचली म्हणे, आणि सापडलं की येणारं माणूस विद्यार्थीच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. चाळीस खोल्या रिकाम्या आहेत, तर एकाने तरी जायला पाहिजे. मी त्यांना वेड्यात काढलं. मुलाने वयाची आठवण करून दिली, सूनबाईने गोळ्यांची यादी दाखवली. ते गेले.

आता त्या हॉस्टेलात अमेरिकेचा पासपोर्ट असलेला एकच माणूस राहतो, वय वर्षं अडुसष्ट. सकाळी कॉलेजातल्या पोरांना इंग्रजीत बोलायला शिकवतो, आचाऱ्याला पिठलं करायला लावतो. रविवारी मला फोन येतो. मी इथे खिडकीशी बसून ऐकतो. गुडघ्यांमुळे मला आता तो प्रवास होत नाही. ते मला माझाच मुलूख सांगतात. ओढ्याला यंदा पाणी आहे, माळावर पवनचक्क्या आल्या, बाजार आता मंगळवारी भरतो. पहिले दोन महिने मी म्हणायचो, मला काय सांगता, मी तिथला आहे.

मागच्या रविवारी मीच विचारलं, की लोक काय म्हणतात. ते म्हणाले, "आधी मला कुठले म्हणून विचारायचे. अमेरिकेचा म्हटलं की खुर्ची द्यायचे आणि गप्प बसायचे. नागपूरचा म्हटलं की लांबचे म्हणायचे. आता काही विचारत नाहीत, आबा. मी तुमचा व्याही आहे असं सांगितलं, त्या दिवसापासून रोज कोणाच्या तरी घरून भाकरी येते."

मी म्हटलं, कोणाच्या घरून?

त्यांनी नावं सांगायला सुरुवात केली. त्यातल्या निम्म्यांचे बाप गेलेले मला माहीत होते, आणि उरलेल्या निम्म्यांचे गेल्याचं मला व्याह्यांकडूनच कळलं.  नातू बाजूला येऊन, "आबा, हू इज इट?" म्हणून विचारत होता. मी त्याला हाताने गप्प राहायला सांगितलं आणि फोन कानाला आणखी जवळ धरला.