पेवात उतरण्याआधी कंदील सोडा

गोदावरीकाठच्या खालच्या गावांतल्या मंडळींनो, हा कागद चावडीवर मोठ्यानं वाचा आन् लगेच पुढच्या गावाला धाडा.

सकाळी तहसीलचा सवार सांगून गेला, वर लय पाऊस झालाय. इथं थेंब न्हाई, तरी दुपारी पाणी आमच्या बांधाला लागलं. सगळ्यांना पेवातल्या जवारीची फिकीर पडली. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात आमचं वर्षाचं खाणं हाय.

माझ्या थोरल्या भावानं पेवावरचा दगड सरकवला आन् टोपली घेऊन आत पाय सोडला. मी त्याचा दंड धरला.

"दादा, आधी कंदील सोडू."

"पाणी कुठं आलंय बघ की. कंदील कशाला सोडत बसतो?"

मी कंदील दोरीला बांधून आत सोडला. दोन हात खाली जाऊन तो विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. दादानं पाय वर घेतला.

कंदील विझवणारी ही बंद पेवातली हवा माणसाला मरताना हाक मारायलाबी सवड देत न्हाई. हे आमाला ल्हानपणापासून ठाऊक हाय. पाणी बघितलं आन् दादा विसरला.

आता वहिनी गोधडी हलवून आत वारा घालायलीय. कंदील अजून विझायलाय. पाणी बांध ओलांडून आलंय.

तुमच्याकडं ते उद्या पोचंल. तुमी पेवं आजच उघडून ठेवा.

दादा सारखा पेवाकडं बघायलाय. म्हणून मी पेवाच्या तोंडावरच बसून लिहायलोय. तुमी असता तर त्याला किती वेळ अडवलं असतं?