रस्त्यापलीकडचं माणूस

आमच्या इस्पितळात आवाज तपासायची एक खोली आहे. भिंतींना जाड फोम, मधे खुर्ची, समोर माईक. तिथल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे हळूबाई म्हणतात, कारण त्या खोलीत राहून राहून त्यांचं बोलणंच कुजबुजीवर आलंय. मी त्यांची मदतनीस. माझा आवाज जिन्यापर्यंत जातो, म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांची बोलणी खाल्ली.

पेशंटने तीनदा आवाज द्यायचा : हळू, नेहमीसारखा आणि मोठ्याने. मोठ्याने म्हटलं की भले भले लाजतात. धिप्पाड गडीही शेळीसारखा बेंऽ करतो. त्यावर हळूबाईंची युक्ती ठरलेली. “रस्त्यापलीकडे तुमचं माणूस उभं आहे, त्याला हाक मारा.” मग गळा मोकळा सुटतो, सूरही चढतो आणि पडद्यावरची रेघ उडी मारते.

युक्ती कुठून आली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर स्कूटर लावून पेपरात डोकं खुपसून बसायचे. हॉर्न वाजले तरी ढिम्म, पण बाईंनी दारातून हाक मारली की मान वर. ते ऐन चाळिशीत गेले.

“वयानं बाईचा आवाज खाली येतो, पुरुषाचा जरा वर चढतो,” एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या. “म्हातारपणी दोघं जवळ येतात. आमच्यात मी एकटीच उतरत आले. आता हाक मारली तर ओळखायचेसुद्धा नाहीत.”

 मी माझ्या डब्यातली भाजी त्यांच्या डब्यात वाढली.

गेल्या आठवड्यात नवं यंत्र आलं. ते चालवून बघायला मी हळूबाईंनाच खुर्चीत बसवलं. हळू झालं, नेहमीचं झालं. मग त्यांचंच वाक्य मी त्यांना ऐकवलं.



“अहो...”

खोली भरून गेली. एवढा आवाज त्यांच्यात शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. हाक संपली की आम्ही लगेच बटण बंद करतो. मला ते करवेना, कारण बाई दाराकडे बघत थांबल्या होत्या.

“बंद कर गं,” शेवटी त्या म्हणाल्या. “किती जाड झालाय. त्यांनी ओळखला असता का?”

“ओळखला असता की,” मी म्हटलं. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलंही नव्हतं.