जेवणानंतरची गोळी

चौथीपर्यंत शिकले असले तरी औषधाच्या पाकिटावरचं मला वाचता येतं. "रात्री जेवणानंतर एक." डॉक्टरांनी रक्त तपासून कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या बाईंनी पाकिटावर तसं लिहून दिलं. मीही अगदी तसंच पाळलं. चूक झाली ती तिथेच.

आमचे हे उर्श्याच्या टोलनाक्यावर कामाला आहेत. दुसरी पाळी असली की घरी यायला बारा वाजतात. ते जेवल्याशिवाय मी जेवत नाही. सासूबाईंनी घातलेली शिस्त. त्या गेल्या, शिस्त राहिली. मला मात्र पहाटे उठून घोरावाडीहून लोणावळ्याची गाडी धरायची असते, चिक्कीच्या कारखान्यात कामाला जायला. वाट बघता बघता भिंतीला टेकूनच डोळा लागायचा. हे यायचे, हाताने वाढून घ्यायचे आणि झोपायचे. मला उठवायचे नाहीत. म्हणे दया यायची. मग जेवण नाही, आणि जेवणानंतरची गोळीही नाही. गुरुवारी आणि चतुर्थीला मी फक्त चहा-दूध घेते, म्हणून तेव्हाही नाही. उपाशीपोटी औषध घेऊ नये, एवढं लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर कागद बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, दिवसभर चिक्की खाता वाटतं?"

बाकावरची माणसं हसली. दहा वर्षं मी गुळाच्या पाकापाशी उभी आहे. आता त्या वासानेच मला मळमळतं. पण मीही सगळ्यांबरोबर हसले. नेहमीचंच.

"गोळीची पॉवर दुप्पट करू," म्हणत त्यांनी पेन उचललं.

माझा थोरला भाऊ छातीत कळ येऊन गेला. भात लावायच्या दिवसांत, बांधावरच. मी गोळी चुकवतेय आणि डॉक्टर ती वाढवतायत, हे मला कळत होतं. गप्प बसले तर बरोबर काय आहे ते कधीच कळणार नव्हतं. पदर मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, "डॉक्टर, सकाळी घेतली तर चालेल का? रात्री माझं जेवण होतंच असं नाही."

"चालेल की. काही गोळ्या रात्रीच घ्याव्या लागतात, तुमची ही तशी नाही. कधीही घ्या, वेळ तेवढी रोज एकच ठेवा."

"उपाशीपोटी?"

"चालते. पण म्हणजे तुम्ही रोज घेत नव्हता? आधी विचारायचं ना!"

पेन खाली ठेवलं. आहे तीच गोळी रोज घ्या, तीन महिन्यांनी बघू, म्हणाले.

आधी विचारायचं! दारातून बाहेर पडले तरी माझे कान तापलेलेच होते. चिक्की खाता का, हे विचारायला सुचलं. तुम्ही जेवता कधी, हे नाही सुचलं. बाईमाणूस रात्री वेळेवर जेवतच असणार, असं कुणी ठरवलं? ते मी तिथे बोलले नाही. इथे लिहिते आहे.

कारखान्यात शेजारी चिक्की लाटणाऱ्या मावशींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं बये, डागदराला कशाला बोल लावती? तुजा नवरा तुज्याच घरात जेवतो. त्यानं तरी इचारलं व्हय?"

ते जास्त लागलं, कारण खरं होतं.

घरी सांगितल्यावर हे खूश झाले. "बरं झालं. गोळीची कटकट मिटली. आता जेवाय थांबलीस तरी काय न्हाई."

मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही. "गोळी सकाळची झाली. माझी भूक न्हाई झाली सकाळची. मी आठला जेवणार."

"लय बोलाय लागली!"

मी पुढची भाकरी तव्यावर टाकली.

आता पहाटे चहाबरोबर गोळी घेते. गुरुवारीसुद्धा. आणि रात्री आठला जेवून, यांचं ताट झाकून ठेवून, अंथरुणावर आडवी होते. भिंतीला टेकून नाही.