शेवटची तीन रिळं

नागपूर सोडायच्या दिवशी मी बाराच्या खेळाला गेलो आणि सिनेमाचा शेवट न बघताच उठून आलो.

घरी आई प्रवासासाठी तिखट-मिठाच्या पुऱ्या तळत होती. ताई ट्रंकेवर बसून तिचं झाकण दाबत होती. दादा, म्हणजे आमचे वडील, दर पाच मिनिटांनी पासपोर्ट कुठाय म्हणून विचारत होते. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो विलायतेला निघालेला इंजिनिअर सीताबर्डीवर ढेकणांच्या खुर्चीत बसून हातावरचं घड्याळ पडद्याच्या उजेडात धरत होता. शेवटची तीनेक रिळं उरली असतील तेव्हा उठलो आणि प्रताप नगरपर्यंत सायकल अशी मारली की चेन दोनदा पडली. तेव्हा तिकडे घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त होते. दादा लांबूनच दिसले, रस्त्याच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून. म्हणाले, "इंग्लंडले जाऊन राहिला का सिनेमाले?"

फलाटावर गाडी सुटायला वीस मिनिटं होती. आईच्या पदराचं टोक डोळ्यांकडे निघालेलं मला दिसलं. रडारड मला झेपत नाही. म्हणून मी खिडकीतून तिला दुपारचाच सिनेमा सांगायला घेतला.

हा आमचा जुना रिवाज. आई उभ्या जन्मात टॉकीजची पायरी चढली नव्हती. "दारं लावून अंधार करतेत, मले घाबरल्यासारखं होते," म्हणायची. तिचे सगळे सिनेमे माझ्या तोंडून, चुलीपाशी. मी सांगायचो, ती तांदूळ निवडत हुंकार द्यायची. तो हुंकार म्हणजे एकच शब्द: "मंग?" गोष्ट सांगताना समोरच्यानं हुंकार नाही दिला तर गोष्ट वाट चुकते, असं ती मानायची.

मी मात्र लबाड सांगणारा. त्या काळी सिनेमातल्या आईला तीनच आजार असत: डोळे जाणं, खोकला आणि मुलगा. दहातल्या सात सिनेमांत ती शेवटी मरायची. पण आईचा हात तांदळात थांबला की माझा धीर सुटायचा, आणि माझ्या सिनेमात डॉक्टर वेळेवर पोचायचा. चुलीपाशी मी एकही आई मरू दिली नाही. खरा शेवट फक्त माझ्या लाल वहीत असे. त्या वहीत प्रत्येक सिनेमाला एक पान: टॉकीज, खुर्चीचा नंबर, मारामाऱ्या किती, विनोदवीर किती वेळा पडला, आणि तळाशी 'शेवट'. खलनायकाला मी नेहमी जास्त मार्क द्यायचो. अख्ख्या सिनेमात वेळेवर कामाला जाणारा तोच एक माणूस असतो, हे माझं मत आजही कायम आहे.

तर फलाटावर मी सांगत होतो. विधवा आई, शहरात जाऊन बिघडलेला मुलगा, खाटेवर पडलेली आई दाराकडे बघते आहे, आणि दारावर थाप पडते.

"मंग?" आई म्हणाली.

इथंच मी उठलो होतो. तेवढ्यात शिट्टी झाली. मला तेव्हा हायसंच वाटलं. मी ओरडलो, "पुढचं पत्रात लिहितो!"

गाडी हलली. आई चार पावलं चालली. तिचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण शब्द कुठला ते मला ठाऊक होतं.

लेस्टरला कारखान्यात नकाशे काढायचं काम, भाड्याची खोली, शिलिंग टाकलं तरच पेटणारा हीटर. ताईच्या हातची पत्रं यायची. आई सांगायची, ताई लिहायची, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ: 'आई विचारून राहिली, त्या बाईचं मंग काय झालं?' मी ओव्हरटाइमबद्दल लिहिलं, बर्फाबद्दल लिहिलं, इथले लोक उकडलेल्या बटाट्याला जेवण म्हणतात तेही लिहिलं. ते मात्र लिहिलं नाही. आधी आळस, मग लाज. आणि खरं सांगायचं तर लबाडीलाही पाया लागतो. खरा शेवट ठाऊक असल्याशिवाय मला खोटा रचता येईना.

रविवारी सकाळी आपले लोक तिथला एक हॉल भाड्यानं घेऊन हिंदी सिनेमा लावत. बस बदलून जायचो, तो सिनेमा कधीतरी लागेल म्हणून. तो कधीच लागला नाही. पण अंधार झाला की डाव्या कानामागून यायचं, "मंग?" अगदी जवळून, तांदळाच्या सुपाचा वास घेऊन. पहिल्यांदा मी वळून पाहिलं. मागच्या खुर्चीवर कुणाचा तरी ओला कोट टाकलेला होता. पुढे पुढे मी वळणं सोडलं. यायचं ते थांबलं नाही.

नवव्या वर्षी तार आली. मी पोचलो तो आईच्या तेरवीच्या दिवशी. चुलीच्या जागी गॅस आला होता. ताईशी धड बोलणं झालं नाही. भरल्या घरात तिला तरी सवड कुठली.

पुढे व्हिडिओ आला, आणि लेस्टरला आमच्या गल्लीतल्या वाण्याच्या दुकानात, लोणच्याच्या बरण्यांच्या वर, मला ती कॅसेट दिसली. दारावर थाप पडते. आई उठायला जाते. मुलगा दार ढकलून आत येतो तेव्हा खाट तशीच असते, पण तिच्यावर बघणारं कुणी नसतं. मी लाल वही काढली, पिवळ्या पडलेल्या पानावर 'शेवट' पुढे दोन शब्द लिहिले. टीव्ही बंद केला. काळ्या काचेतून आलंच, "मंग?"

तुमच्यातले जे देश सोडून गेले, त्यांना घर म्हणजे माती, घर म्हणजे भाकर, असं काय काय आठवत असेल. माझं घर एक हुंकार आहे. तो ऐकू येतो, आणि माझ्याकडे पुढचं काही नसतं.

त्या हिवाळ्यात नागपूरला गेलो. ताईनं आता शहराबाहेर बेशाकडे घर बांधलंय. अंगणात ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी मोठ्या शोधाच्या थाटात म्हणालो, "ताई, सापडला वं त्या सिनेमाचा शेवट. थे बाई मरते."

"मालूम हाय," ताई मान वर न करता म्हणाली. "तू गेल्यावर चौथ्या दिवशी आईनं पाह्यला."

"आईनं? टॉकीजमधे?"

"दाराजवळच्या खुर्चीवर बसली. माहा हात असा दाबला का बांगडी फुटली. बाहेर येऊन म्हणे, आपल्या बाळ्याच्या सिनेमात माय कधी मरत नाही, मले आधीच शंका होती."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग इतकी वर्षं काहून विचारत होती वं?"

ताईनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"शेवट तिले मालूम होता गा. तू यावेळी काय लबाडी करतं, थे पाहाची होती. तुह्याच्यानं तेवढीबी झाली नाही."